वाढप्याला पाट

त्या वर्षांत नगर जिल्ह्यात सेवकांचं पीक जोरात होतं. पाऊस नव्हता, विहिरींचे तळ उघडे पडले होते, पण सेवक उदंड. व्यासपीठावर चढलेला जो तो म्हणायचा, ‘मी तुमचा सेवक.’ मग हार, मग चहा. सेवकाला चहा आणून देणाऱ्याला मात्र कुणी सेवक म्हणत नसे, त्याला ‘ए’ म्हणत. मी तेव्हा आमच्या युनियनची पत्रकं लिहायचो. ‘सेवक’ या एका शब्दावर मी एक आख्खं पत्रक काढलं, तर ते आमच्याच पुढाऱ्यांना झोंबलं. पुढारी म्हणजे नगरच्या कोर्टात वकिली करून उरलेल्या वेळात कामगारांचं भलं करणारे एक गृहस्थ. भाषणाच्या शेवटी तेही सेवकच असायचे.

तर तो शब्द जाऊ द्या. जन्मात तो शब्द न उच्चारलेल्या एका माणसाचं काय केलं गेलं, ते मला सांगायचं आहे. त्यातून कुणी बोध काढायला जाऊ नये. मला काढता आलेला नाही.

नगरच्या औद्योगिक वसाहतीत नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका फौंड्रीत मी कामाला होतो. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पाण्याच्या पंपांचे भाग काढायचे, हा धंदा. ज्या जिल्ह्यात पाणी नाही त्या जिल्ह्यात आम्ही पंप ओतत होतो. गेटबाहेर सकाळपासून माणसं उकिडवी बसलेली असत. पाथर्डी, जामखेड, पारनेरकडून आलेली. कुणाच्या हाताला इजा झाली, कुणी आजारी पडला, की त्यांच्यातल्या एकाला आत ओढायचं. आम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळायचो, आणि ते आमच्या हातापायांकडे बघत बसायचे.

आमच्या टोळीला एक मुकादम होता. चाळिशीचा, पारनेरच्या कोरडवाहू गावातला, तोंडात कायम तंबाखू. हा माणूस संत होता असं मी म्हणणार नाही. रागीट होता, शिव्या सढळ हातानं द्यायचा, आणि आमच्या मोर्च्याला कधी यायचा नाही. मी पत्रक हातात दिलं की म्हणायचा, “दे. लई चांगलं पेटतंय तुजं लिवनं.” टोळीनं मला ‘पुढारी’ हे नाव ठेवलं होतं, तेही त्याचंच देणं.

पण सकाळची कामं तो ज्या रीतीनं वाटायचा, ती मी पुन्हा कुठं पाहिली नाही. शेडमध्ये वाळूच्या ढिगापाशी सगळे उभे राहायचे.

“काल ओतायला कोन हुतं?”

“मी हुतो.”

“मग आज तू वाळूवर. पाय शेकलेत तुजे. चाचा, तुमी कोअरवर. आन तू रं, पोटाचं काय तुज्या?”

“बरंय की.”

“खरं सांग. न्हाईतर भट्टीम्होरं वांती करशील.”

“बरंय म्हनलं ना.”

“का बायकूला इच्यारू?”

हशा व्हायचा. अशी एकेक करून कामं संपली की तो विचारायचा, “उरलं काय?” उरायचं ते ठरलेलं असायचं. आदल्या दिवशी ओतलेले साचे फोडून माल बाहेर काढणं. साचे आतून गरम असत, घण मारला की काळ्या वाळूचा लोट थेट छातीत जायचा. ते काम दुश्मनालाही सांगू नये. “ते माजं,” म्हणायचा आणि तोंडाला फडकं बांधायचा. झाली वाटणी.

आमच्यात पाथर्डीकडचा एक गडी होता, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. त्यानं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आपला मुकादम मुकादम न्हाई. लगीनघरचा वाढपी हाय. समद्यांला वाढनार, बुंदी कुनाला कमी पडली बघनार, आन शेवटी आपन पातेलं खरवडीत बसनार.” तेव्हापासून ‘वाढपी’ हेच नाव पडलं. नाव चेष्टेचं, पण नेमकं. वाढपी शेवटच्या पंगतीनंतर जेवतो. म्हणून तो कुणावर खेकसला, ‘ताटात टाकू नको’ म्हणाला, तरी कुणाला राग येत नाही. आमच्या मुकादमाच्या शिव्या आम्ही ऐकून घ्यायचो त्या याच हिशेबानं. तो आम्हाला जे सांगायचा त्यापेक्षा वाईट काम त्यानं आधीच आपल्याकडे ओढलेलं असायचं. मग चुकारपणा करायला तोंड कुठं उरतं?

आता चाचा. नगर शहरातल्या मोहल्ल्यात राहणारा, टोळीतला सगळ्यात वयस्कर. तो कोअर करायचा. पंपाचा भाग आतून पोकळ हवा असतो, म्हणून साच्याच्या पोटात वाळूचा एक गोळा बसवतात, तो कोअर. वाळूत काकवी मिसळून तो घडवायचा आणि चुलाणात भाजायचा. पक्का भाजला की तांबूस होतो. कच्चा राहिला तर त्यात ओल राहते, आणि तापलेलं लोखंड ओलीवर पडलं की उकळून बाहेर उडतं. चाचाचे हात अजून उत्तम घडवत होते, पण दोन्ही डोळ्यांवर पडदा धरत चालला होता. तांबूस आणि पिवळं त्याला सारखंच दिसायचं. हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं आणि टोळीबाहेर कुणालाच नाही. साचे फोडायला जाता-जाता मुकादम चाचाच्या ट्रेवरून एक नजर फिरवायचा, कच्चे कोअर निवडून गुपचूप परत चुलाणात सारायचा. चाचा म्हणायचा, “कितने?” मुकादम म्हणायचा, “दोनच.” कधी पाच असायचे.

चाचाची नोकरी गेली तर पुढं काय होतं ते सरळ होतं. त्या वयाचा, अंधुक दिसणारा माणूस दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उभा राहिला नसता. उरलं असतं दुष्काळी काम, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणं. खडी फोडायला डोळे लागतात.

याच सुमाराला आमच्या फौंड्रीत नवा मॅनेजर आला. पुण्याहून, तरुण, स्कूटरवरून यायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. त्यानं गेटवर एक फळा लावला आणि रोज एक सुविचार लिहायला सुरुवात केली. खंडेनवमीला मशिनांची पूजा झाल्यावर त्यानं भाषण केलं. “जो नेता असतो तो खरं तर सेवक असतो,” म्हणाला. मी कपाळाला हात लावला. पण एक कबूल केलं पाहिजे, तो लबाड नव्हता. तो ते मनापासून म्हणत होता. लबाड असता तर माझं काम सोपं होतं, एका रात्रीत पत्रक काढलं असतं.

आमच्या टोळीचा माल सगळ्यात कमी नापास होतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं मुकादमाला केबिनमध्ये बोलावलं. मुकादम मला म्हणाला, “चल पुढारी. इंग्रजी बोलाय लागला तर सांग मला.”

“बसा मुकादम,” साहेब म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या साहेब. वाळू हाय अंगाला.”

“तेच म्हणतोय मी. तुमच्यासारख्या माणसानं साचे फोडायचे, ही आमची लाज आहे. आजपासून तुम्ही चार्जहँड. कशाला हात लावायचा नाही. फक्त माणसांकडे बघायचं.”

“बघतोच की.”

“तसं नाही. जरा लांबून.”

“लांबनं काय दिसंल साहेब?”

साहेब हसले. मग त्यांनी समजावलं, की तुम्ही राबत बसलात तर टोळी पुढं कशी जाणार, तुम्ही त्यांना वर न्यायला हवं. मुकादम ऐकत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, वाढप्याला पाटावर बसावलं तर वाढायचं कुनी?”

साहेबांना ते कळलं नाही. मी फोड करून सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. “वा! किती सुंदर!” म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेटच्या फळ्यावर सुविचार म्हणून तेच वाक्य होतं, खाली ‘एक कामगार’. आणि त्याच दिवशी मुकादमाच्या हातात नेमणुकीचं पत्र.

मुकादमानं नाही म्हटलं तर बाहेरून चार्जहँड येणार, हे साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. मी युनियनच्या पुढाऱ्यांकडे गेलो. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, “घ्या म्हणावं! आपला माणूस वर गेला, हा आपला विजय.” मी मुकादमाला म्हणालो, घेऊ नका, टोळी काम बंद करते, मी लिहितो. जेवणाच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीला आम्ही बसलो होतो. चाचा शेजारीच भाकरीचा तुकडा चाचपत होता.

“काम बंद करशील,” मुकादम मला म्हणाला, “आन गेटावरची मानसं आत येतील. ती काय दुश्मन हायेत आपली? भुकंली हायेत.”

“मग?”

“भायेरचा आला तर ह्यो किती दिस टिकंल?” त्यानं हनुवटीनं चाचाकडे खूण केली.

चाचा म्हणाला, “मला कान हायेत बरं का रे. डोळे गेले तेवढेच.”

“म्हून तर बोलतोय तुमच्याम्होरं.”

चाचानं घास गिळला. “घे पाट,” म्हणाला. “बसून बघ. टोचला तर ऊठ.”

पाटावरून उठता येत नाही, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुकादमाला शेडच्या कडेला एक टेबल मिळालं. कामं वाटायचं आता त्याच्याकडे नव्हतं. ऑफिसातून सकाळी फळा भरून यायचा, प्रत्येकाच्या नावापुढं त्याचं काम. साचे फोडणं पाळीनं. आता याला मी काय नावं ठेवणार? पाळी ही आम्हीच मागितलेली गोष्ट होती, माझ्याच पत्रकात ती छापलेली होती. फळा कुणावर अन्याय करत नव्हता. तो फक्त कुणाला विचारत नव्हता.

टोळी आंबायला वेळ लागला नाही. ज्याची साचे फोडायची पाळी त्याच्या पोटात दुखायचं. ज्याचं पोट खरंच दुखायचं त्याच्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. पूर्वी जे लोक एकमेकांच्या वाटचं पाणी भरून ठेवायचे, ते आता फळ्यापाशी उभे राहून दुसऱ्याला हलकं काम कसं मिळालं ते मोजायला लागले. मुकादमानं पहिल्यांदा एकाला जोरात सांगितलं, “तुजी पाळी हाय, जा,” तेव्हा शब्द जुनेच होते, आवाजही जुनाच. पण तो टेबलापाशी उभा होता आणि त्याच्या तोंडाला फडकं नव्हतं. तो गडी गेला, पण जाताना थुंकला.

मग मुकादम सकाळी काम सुरू व्हायच्या आधी येऊन स्वतः थोडे साचे फोडून ठेवायला लागला. साहेबांना कळलं. त्यांनी रागावून नाही, समजुतीनं सांगितलं, “तुम्ही त्यांना पांगळं करताय.” आणि हातात एक मेमो दिला. दुसऱ्या मेमोनंतर नोकरी जाते, हे चार्जहँड झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याची पोरं गावाकडे त्याच्याच पगारावर जगत होती.

राहिली ती चाचाच्या ट्रेवरची नजर. ते काम फळ्यावर नव्हतं, कारण ते काम आहे हेच ऑफिसला माहीत नव्हतं. आणि सांगायचं तर कसं सांगणार? सांगितलं की चाचा बाहेर. मला फळ्यानं शेडच्या दुसऱ्या टोकाला वाळू मळायला टाकलेलं. जेवणाच्या सुट्टीत मुकादमानं माझ्यादेखत पाथर्डीकडच्या गड्याला बाजूला घेतलं.

“चाचाचा ट्रे बघत जा जरा. मला आता तितं जाता येत न्हाई.”

“माज्या नावाम्होरं लिव्हलंय का?”

“लिव्हलं असतं तर तुला सांगितलं असतं का?”

“मुकादम, आधी तुमी वाढपी हुता. तवा म्हनला असता उडी टाक, टाकली असती. आता तुमी सायबाचं मानूस. सायबानं लिव्हावं, आमी करू.”

तो वाईट माणूस नव्हता. साचे फोडून-फोडून त्याचा खोकला वाढला होता, आणि समोरचा माणूस कोरड्या सदऱ्यात उभा होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि वाजवून उपयोग नाही हेही कळत होतं.

तरी बरेच दिवस निभलं. येता-जाता मुकादम कसंही करून ट्रेकडे बघून घ्यायचा. मग एके दुपारी साहेबांनी सगळ्या चार्जहँडना केबिनमध्ये बसवून घेतलं. विषय होता टोळीत आपलेपणा कसा आणावा. आत आपलेपणावर बोलणं चाललं होतं आणि बाहेर ओतकाम सुरू झालं. एका साच्यात लोखंड पडलं, गुरगुरलं, आणि उकळी फुटून वर उडालं. मी लांब होतो, मला फक्त उजेड दिसला आणि मग ओरडणं. पाथर्डीकडच्या गड्याच्या पायावर पडलं होतं. पायाला गुंडाळलेलं गोणपाट जळून कातडीला चिकटलं होतं. आम्ही त्याला उचलून टेम्पोत घातलं. चाचा आपल्या जागी उभा, हात पुढं धरून, ज्याच्या त्याच्या दिशेनं विचारत होता, “कुनाला लागलं? अरे, कोनी तर बोला. कुनाला लागलं?”

कच्चा कोअर कुणाच्या नावावरचा, ते शोधायला वेळ लागला नाही.

चाचावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून चौकशी बसली. चौकशीला कंपनीनं शहरातला एक वकील नेमला, टाइपरायटर घेऊन एक टायपिस्ट. चाचाच्या बाजूनं बोलायला मी. कंपनीचे साक्षीदार दोन, भाजलेला गडी आणि चार्जहँड.

गडी पायाला बँडेज बांधून कुबडीवर आला. आत जायच्या आधी चाचापाशी थांबला. “चाचा, माजा राग न्हाई तुमच्यावर. पन कोअर वला हुता, ते मला सांगावं लागंल.”

“सांग की. वलाच हुता. पाय कसा हाय?”

“हाय जागेवर.”

त्यानं तेवढंच सांगितलं आणि बाहेर आला. मग मुकादम. साहेबांच्या केबिनमधल्या ज्या खुर्चीला तो एकदा ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाला होता, तिच्यावर तो बसला. मी विचारलं, “टोळीत कोअर तपासायचं काम कुणाचं होतं?”

“माजं,” तो म्हणाला.

“मग त्या दिवशी कच्चा कोअर साच्यात गेला, ती चूक कुणाची?”

“माजी. चाचाची न्हाई. त्याचे डोळे मला म्हाईत हुते. बघायचं काम मी घेतलं हुतं. मी बघितलं न्हाई. काय करायचं ते माजं करा.”

टायपिस्टची बोटं थांबली. वकिलानं साहेबांकडे पाहिलं. साहेब फार हळुवारपणे म्हणाले, “मुकादम, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही तुमची जबाबदारी नव्हती. चार्जहँडच्या कर्तव्यात कोअर तपासणं येत नाही.” वकिलानं टायपिस्टला सांगितलं, “लिहा, साक्षीदाराच्या कर्तव्यात सदर काम समाविष्ट नाही.” टाइपरायटर पुन्हा वाजू लागला. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, हरकत नोंदवा म्हणालो. ती हरकतही नोंदवली. सगळं नोंदवलं. एक माणूस आपल्या अंगावर दोष मागत होता आणि तेवढा मात्र त्याला मिळत नव्हता.

बाहेर चाचा बाकावर बसला होता. “घेतलं का तुजं म्हननं?” त्यानं मुकादमाला विचारलं.

“न्हाई. म्हनले, तुमच्या कामात बसत न्हाई.”

“मग कुनाच्या बसतं?”

मुकादमानं चाचाचा हात धरून त्याला बाकावरून उठवलं.

चाचाला काढलं. पुढाऱ्यांनी केस लढवू म्हणून सांगितलं, ते लढवणं अजून चाललंच आहे. मुकादम टेबलापाशीच राहिला. राजीनामा देतो म्हणाला होता, तर चाचानंच त्याला झापलं, की तू गेलास तर तुझ्या पोरांना कोण बघणार आणि तुझ्या जागी येईल तो काय माझे डोळे आणून देणार का. मी पत्रक लिहायला बसलो. मथळा झाला, पहिली ओळ झाली, मग मुर्दाबाद कुणाच्या नावानं लिहायचं ते ठरेना. साहेबांच्या? फळ्याच्या? पाळी मागणाऱ्या आमच्या? पाय भाजलेल्या त्या गड्याच्या? तो कागद तसाच राहिला.

उन्हाळ्यात मी चाचाला भेटायला गेलो. शहराबाहेर रस्त्याचं काम होतं, दुतर्फा माणसं उन्हात ओळीनं बसून खडी फोडत होती. चाचा डाव्या हातानं आधी दगड चाचपायचा, बोटं बाजूला घ्यायचा, मग हातोडा मारायचा. दरवेळी बोटं वेळेत निघत नव्हती, हे बोटांना बांधलेल्या चिंध्यांवरून दिसत होतं. माझा आवाज ओळखून हसला.

“पुढारी? ये. बस, पन सावली न्हाई.”

मी बसलो. म्हणालो, “मुकादम यायचं म्हणत होता सुट्टीच्या दिवशी.”

“त्याला नको आनूस हिकडं.”

“का?”

“बघून त्याला कायबी करता येनार न्हाई. मग घरी जाऊन जेवनार न्हाई. माज्या पायी त्याची चूल कशाला इझवायची?”

मुकादमाबद्दल तो आणखी काही बोलला नाही. पलीकडून कामावरचा माणूस ओरडला, “ओ चाचा, गप्पा मारायला बसलाव का?” चाचा ‘व्हय जी’ म्हणाला आणि जमिनीवर हात फिरवून हातोडा शोधायला लागला. तो उलट्या बाजूला होता. मी तो उचलून त्याच्या हाताखाली सरकवला. माझ्याकडून झालं ते तेवढंच.